वीज आहे, पण साठवायची कुठे?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट उतरताना खोपोलीजवळ डोंगरावरून खाली आलेले जाड नळ दिसतात. अक्षय ऊर्जेची आपल्याकडची गोष्ट या नळांपासून सुरू होते. सोलर पॅनेल त्यात फार उशिरा आलं.

टाटांचं हे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. वळवण, शिरवता, लोणावळा या तलावांत चार महिन्यांचा पाऊस अडवायचा आणि तेच पाणी वर्षभर बेताबेतानं घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, अशी ती योजना होती. म्हणजे खरी करामत साठवणीची. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झालं. भिऱ्याला पाणी मिळालं ते मुळशीच्या धरणातून, आणि त्यासाठी मावळ्यांची शेतं बुडाली. ‘जान किंवा जमीन’ म्हणत सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. ‘हरित’ विजेच्या कौतुकात हा भाग सहसा गळतो.

त्यानंतर कोयना आलं, आणि नव्वदच्या दशकात साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या. वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर. पण इथला वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो. उन्हाळ्यात मागणी चढते तेव्हा तो तेवढा हाताशी नसतो.

सौरविजेची अडचण निराळी. दुपारी ती भरपूर, आणि संध्याकाळी सातला घरोघरी दिवे-पंखे लागतात तेव्हा शून्य. शेतीला मात्र ती बरोबर बसते. रात्रीची लाईट आली की हातात टॉर्च घेऊन, साप-विंचवातून पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला दिवसाच्या विजेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली ती याच मागणीतून.

देशाच्या स्थापित क्षमतेत, म्हणजे सगळी केंद्रं मिळून जेवढी वीज करू शकतात त्यात, बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर पोचला. आकडा मोठा आहे, पण तो क्षमतेचा. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून बराच पुढे आहे, कारण सूर्य मावळल्यावर तोच लागतो.

म्हणून बोलणं पुन्हा साठवणीवर येतं. एक वाट बॅटऱ्यांची, दुसरी घाटाची. २००८ पासून चालू असलेल्या २५० मेगावॅटच्या घाटघर प्रकल्पात दोन धरणं आहेत, एक घाटमाथ्यावर, एक खाली कोकणात. विजेला गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. घाट्याचाच सौदा, पण वीज हवी त्या वेळी हाती येते. घाटघर आखलं तेव्हा पाणी चढवायची वेळ रात्रीची धरली होती, कारण तेव्हा फालतू वीज रात्री उरायची. आता ती भर दुपारी उरू लागली आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी अशाच दोन प्रकल्पांचा करार केला: भिवपुरीला १,००० मेगावॅट आणि शिरवत्याला १,८००. शिरवता म्हणजे खोपोलीच्या नळांना पाणी पुरवणाऱ्या त्याच तलावांपैकी एक.