जिन्यातला सेन्सर किरण सोडत नाही, आपण सोडतो

आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीला लिफ्ट नाही, चार मजले आणि जिन्यात रात्रभर जळणारे पाच बल्ब. मीटिंगमध्ये, माणूस आला की दिवा लावणारा सेन्सर बसवायचं ठरलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू अडून बसल्या, "सुनेला सातवा महिना आहे, येता-जाता ते किरण अंगावर नकोत." हसू नका, कमिटीतले अर्धे लोकही हेच धरून चालले होते की सेन्सर काहीतरी फेकतो, ते आपल्यावर आपटून परत जातं आणि दिवा लागतो.

तसे सेन्सर असतात, रडारवाले, ते खरंच मायक्रोवेव्ह सोडतात, अगदी कमी ताकदीच्या. पण आम्ही आणलेला साधा पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. पॅसिव्ह म्हणजे गप बसून नुसतं बघणारा. किरण सोडतो आपण. सून सोडते, काकू सोडतात, सोसायटीची मांजरसुद्धा सोडते.

शाळेत शिकलोय की गरम वस्तू इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण सोडते. सगळ्यात जास्त किती लांबीच्या लहरी, ते वीनच्या नियमानं काढता येतं: 2898 ला केल्विनमधल्या तापमानानं भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. कातडी साधारण 34 अंश सेल्सिअस म्हणजे 307 केल्विन, भागाकार आला 9.4. टीव्हीच्या रिमोटचं इन्फ्रारेड 0.94 मायक्रॉनच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या लहरी त्याच्या दहापट लांब. नाव एकच पण स्वभाव वेगळा. रिमोट काचेतून चालतो, आपली उष्णता साध्या काचेत अडकते.

आता माझा आवडता भाग. सेन्सरच्या पोटात शर्टाच्या बटणाएवढी धातूची डबी असते आणि त्यात एक खास स्फटिक, तापमान बदललं की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार येतो. बदललं की, हे महत्त्वाचं, नुसतं गरम असून उपयोग नाही, कारण आलेला भार लगेच झिरपून जातो. हा गुण टुर्मलीन या खड्यात पूर्वीपासून माहीत होता. 1703 च्या सुमारास डच व्यापाऱ्यांनी तो श्रीलंकेहून युरोपात नेला, तापवला की राख ओढून घ्यायचा म्हणून त्याला 'राखखेच्या' अशा अर्थाचं नाव पडलं. 1824 मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी या गुणाला पायरोइलेक्ट्रिसिटी म्हटलं. आज तोच खडा 'निगेटिव्ह एनर्जी ओढतो' म्हणून ब्रेसलेटमध्ये घालून विकतात. ओढतो तो, पण राख, आणि तीही आधी तापवलात तर.

डबीत असे दोन तुकडे शेजारी शेजारी असतात, पण उलटे जोडलेले. दुपारी भिंत हळूहळू तापली की दोघांवर सारखाच परिणाम होतो, बेरीज शून्य. माणूस आडवा गेला की आधी एकावर उष्णता पडते मग दुसऱ्यावर, सिग्नल वर जातो मग खाली, दिवा लागतो. वरची ती पांढरी खवल्याखवल्यांची टोपी म्हणजे प्लास्टिकची फ्रेनेल भिंगं, प्रत्येक खवलं जिन्याचा एकेक पट्टा बघतं, आपण पट्टे ओलांडत जातो आणि स्फटिकाला उघडझाप दिसते. म्हणूनच निवांत बसलं की दिवा जातो, ऑफिसच्या टॉयलेटमध्ये हात हलवत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

काकूंना हे सगळं सांगितलं तर अर्ध्यातच म्हणाल्या, "मला दाखव." मग सेन्सरपुढे फोटोफ्रेमची काच धरली आणि त्यांना चालायला लावलं, दिवा नाही. काच काढून कचऱ्याची पातळ काळी पिशवी ताणून धरली, ज्यातून आपल्याला काही म्हणता काही दिसत नाही, आणि दिवा टपकन लागला. काकू तीनदा वरखाली करून आल्या.

एका अमावस्येला दोन वाजता जिन्यात कुणी नसताना दिवा लागला म्हणून वॉचमन घाबरला, सकाळी टोपीवर पाल बसलेली सापडली. टोपीवरच सरपटली की जवळपास सगळेच पट्टे एकदम झाकले जातात, दिवा लागणारच.

बचतीबद्दल फार अपेक्षा नको. 9 वॅटचे पाच बल्ब बारा तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या जरा वर. माझ्या मते खरा फायदा 'बटण कोणी बंद करायचं' हे भांडण मिटण्याचा.

एक घोळ मात्र झालाच. इलेक्ट्रिशियननं सेन्सर बरोबर पायऱ्यांच्या समोर लावला, म्हणजे आपण सरळ त्याच्या तोंडावर चालत जातो, पट्टे ओलांडतच नाही, अन् दिवा शेवटच्या पायरीला लागायचा. त्यात मे महिना, रात्रीही भिंती 32 अंशांवर, कातडी 34, फरक उरतो कितीसा. शेवटी बाजूच्या भिंतीवर हलवला. आता दुसऱ्या पायरीलाच लागतो, आणि काकू नव्या भाडेकरूंना पिशवीचा प्रयोग स्वतः करून दाखवतात.