प्लासिबोचे दुष्परिणाम व लिंगभेद (मनोविकारांवरील औषधचाचण्यांतील)

औषधचाचणीत निष्क्रिय गोळी (प्लासिबो) मिळालेल्या रुग्णांनी सांगितलेल्या मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, गुंगी इ. तक्रारींचे प्रमाण स्त्रिया व पुरुष यांत कितपत वेगळे असते, यासंबंधीचा अभ्यासविषय. निष्क्रिय उपचारामुळे उद्भवणाऱ्या अशा त्रासाला ‘नोसिबो परिणाम’ म्हणतात. वॉल्टर केनेडी यांनी ही संज्ञा १९६१ मध्ये वापरली. निरीक्षणे मात्र त्याआधीची आहेत. स्ट्यूअर्ट वुल्फ व रूथ पिन्स्की यांनी १९५४ मध्ये चिंता व ताण असलेल्या ३१ रुग्णांत मेफेनेसिन (स्नायू शिथिल करणारे औषध) आणि प्लासिबो यांची तुलना केली. प्लासिबो घेतल्यावरही एका रुग्णाला मळमळ, धडधड व कमालीचा अशक्तपणा आला. दुसऱ्याच्या अंगावर पुरळ उठले आणि गोळी बंद केल्यावर ते गेले. एवढ्या लहान गटावरून लिंगभेदाविषयी काही सांगणे अर्थातच धाडसाचे ठरेल.

प्लासिबो गटातील प्रत्येक तक्रार गोळीच्या खाती टाकता येत नाही. कोणतेही औषध न घेणाऱ्या निरोगी व्यक्तींपैकी ८१ टक्क्यांना आधीच्या तीन दिवसांत काही ना काही लक्षण जाणवले होते, असे रायडेनबर्ग व लोवेन्थल यांना १९६८ मध्ये आढळले. नैराश्यात तर झोप न लागणे, थकवा, भूक मंदावणे ही आजाराचीच लक्षणे असतात. तरीही अपेक्षेचा वाटा उरतोच. विनफ्रीड रीफ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नैराश्यविरोधी औषधांच्या १४३ चाचण्यांतील प्लासिबो गट तपासले. ट्रायसायक्लिक (नैराश्यविरोधी औषधांचा जुना गट) औषधांच्या चाचण्यांत प्लासिबो घेणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांनी तोंडाला कोरड पडल्याचे सांगितले. एसएसआरआय (सेरोटोनिनचे पुनर्शोषण रोखणारा नंतरचा गट) औषधांच्या चाचण्यांत हेच प्रमाण सुमारे ६ टक्के होते. कोरड हा ट्रायसायक्लिक औषधांचा सर्वपरिचित दुष्परिणाम आहे आणि संमतिपत्रात त्याची पूर्वसूचना दिलेली असते.

लिंगभेदाच्या चर्चेत प्लासिबोने बरे वाटणे आणि प्लासिबोने त्रास होणे या दोन बाबींची अनेकदा गल्लत होते. पहिल्या बाबतीत नैराश्याच्या रुग्णांत स्त्री-पुरुष फरक नसल्याचा निष्कर्ष रेजिना कॅस्पर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला. दुसऱ्या बाबतीतला बराचसा पुरावा प्रयोगशाळेतील आहे. लॉर्बर, मॅझोनी व कर्श यांच्या २००७ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांना निरुपद्रवी पदार्थ हुंगायला देऊन तो संशयित विषारी घटक असल्याचे सांगण्यात आले. शेजारच्या व्यक्तीला त्रास होताना पाहिल्यावर लक्षणे वाढली ती स्त्रियांत. पुरुषांत तशी वाढ दिसली नाही. वाम्बहाइम व फ्लाटेन यांनी २०१७ च्या आढाव्यात नोसिबो परिणाम स्त्रियांत आणि प्लासिबो परिणाम पुरुषांत अधिक तीव्र असल्याचे म्हटले. पाउल एंक व सिबिले क्लोस्टरहाल्फेन (२०१९) यांच्या मते मात्र प्रयोगांत दिसणारा हा फरक प्रत्यक्ष औषधचाचण्यांत फारसा आढळत नाही.

कारणांबाबत मतभेद आहेत. औषधांचे अनिष्ट परिणाम स्त्रियांत साधारण दीडपट आढळतात. झोलपिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ मध्ये निम्मी केली, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते. निष्क्रिय गोळीला हे कारण थेट लागू पडत नाही. पण खऱ्या औषधांचा आधी सोसलेला त्रास पुढच्या गोळीविषयीची धास्ती शिकवू शकतो. क्लोस्टरहाल्फेन व सहकाऱ्यांच्या २००९ मधील, फिरत्या खुर्चीत बसवून मळमळ आणण्याच्या प्रयोगात स्त्रियांवर पूर्वानुभवाचा, तर पुरुषांवर सूचनेचा प्रभाव जास्त दिसला. त्यामुळे ‘स्त्रिया अधिक सूचनाक्षम’ या जुन्या समजापेक्षा पूर्वानुभवाचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

विचारण्याची पद्धतही निर्णायक ठरते. रीफ यांच्या आढाव्यात पद्धतशीरपणे विचारल्यास तक्रारींचे प्रमाण वाढलेले दिसले. खुद्द औषधाच्या बाबतीत, स्पेनमधील माँटेहो व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एसएसआरआय घेणाऱ्या ३४४ रुग्णांची पाहणी केली. लैंगिक तक्रारी आपणहून सांगणारे १४ टक्के होते. थेट विचारल्यावर हे प्रमाण ५८ टक्के झाले. अशा तक्रारी पुरुषांत संख्येने जास्त, तर स्त्रियांत तीव्रतेने अधिक होत्या.

दुष्परिणामांचे तक्ते बहुधा औषध व प्लासिबो अशा दोनच स्तंभांचे असतात; त्यांत स्त्रिया व पुरुष वेगळे दाखवलेले नसतात. निष्कर्ष लिंगनिहाय वेगळे द्यावेत, अशी शिफारस युरोपीय विज्ञानसंपादकांच्या संघटनेने २०१६ च्या ‘सेजर’ (संशोधनातील लिंगविषयक समन्याय) मार्गदर्शक तत्त्वांत केली आहे.