तक्त्याची तर्ककोडी: संचासोबतचे माहितीपत्रक

तक्त्याच्या कोड्यात माणसे, वस्तू, वजने असे काही गट असतात आणि कोणाचे काय ते दिलेल्या विधानांवरून जुळवायचे असते. या संचातली कोडी गिरणी, भिशी, सोसायटीचे पार्किंग, लग्नाचा हॉल, एसटीचे आरक्षण अशा रोजच्या प्रसंगांवर आहेत. गणित बेरीज, वजाबाकी, दुप्पट, निम्मे याच्या पुढे जात नाही. प्रत्येक कोड्याला एकच उत्तर आहे आणि शेवटचा भाग सोडला तर ते काहीही धरून न चालता निघते. तरीही लोक अडकतात. बहुतेक वेळा कारण एकच असते: ‘नाही’ ही माहिती तक्त्यात भरायची राहून जाते. म्हणून या पत्रकात टिकांपेक्षा (‘हो’च्या खुणा) फुल्यांबद्दल (‘नाही’च्या खुणा) जास्त लिहिले आहे.

तक्ता आणि खुणा

एका गटातली नावे डावीकडे एकाखाली एक लिहायची, बाकीचे गट वर आडवे. गट तीन असतील तर वर दोन मोठे चौकोन होतात आणि डावीकडच्या चौकोनाखाली तिसरा येतो. म्हणजे प्रत्येक गटाची इतर दोन्ही गटांशी एकदा गाठ पडते. प्रत्येक गटात ४ नावे असली तर घरे, म्हणजे खुणा करायच्या जागा, ४८. चार गट आणि ५ नावे असली तर १५०, पाच गट झाले की २५०. संचात तक्ते छापलेलेच आहेत. घरी आखायचा असेल तर गणिताच्या चौकटीच्या वहीत एका घराला चार चौकटी घ्या. त्याहून लहान घरात खोडताना शेजारची खूणही पुसली जाते आणि मग चूक कुठे झाली ते सापडत नाही. पेन वापरू नका.

‘हो’ला टिक, ‘नाही’ला फुली. टिक पडली की त्याच मोठ्या चौकोनातल्या त्या आडव्या आणि उभ्या ओळीत बाकी सगळीकडे फुल्या मारायच्या. चार नावांच्या कोड्यात एका टिकेमागे सहा फुल्या. ओळ मात्र मोठ्या चौकोनाच्या कडेशी थांबवा. घाईघाईत पुढच्या चौकोनातही फुल्या ओढल्या की पाच मिनिटांनी ‘कोडे चुकीचे आहे’ असे वाटू लागते.

एक कोडे, पूर्ण सोडवून

गिरणीत चार जणांनी दळणाचे डबे ठेवले आहेत: शोभाताई, वसंतराव, रफीकभाई, कुंदावहिनी. एकात गहू, एकात ज्वारी, एकात बाजरी आणि एकात चकलीची भाजणी. वजने २, ३, ४ आणि ५ किलो. कोणाचे दळण कोणते आणि किती?

१. ज्वारीचा डबा बाजरीच्या डब्याच्या बरोबर दुप्पट वजनाचा आहे.
२. कुंदावहिनींचा डबा भाजणीच्या डब्यापेक्षा १ किलोने हलका आहे.
३. भाजणी शोभाताईंची नाही आणि रफीकभाईंचीही नाही.
४. रफीकभाईंनी ज्वारी आणलेली नाही, आणि त्यांचा डबा वसंतरावांच्या डब्यापेक्षा जड आहे.

विधाने दिलेल्या क्रमानेच घ्यावीत असे काही नाही. आधी ते विधान शोधा ज्यात आकड्यांना हलायला जागा कमी आहे. इथे ते पहिलेच आहे. २, ३, ४, ५ यांत दुप्पट-निम्म्याची जोडी एकच, २ आणि ४. म्हणून बाजरी २ किलो, ज्वारी ४ किलो. धान्य आणि वजनाच्या चौकोनात दोन टिका पडल्या आणि गहू-भाजणीला ३ आणि ५ उरले. कोणत्याही विधानाआधी या कोड्यात ५७६ मांडण्या शक्य होत्या. एवढ्यावरच त्या ४८ झाल्या.

दुसऱ्या विधानात बहुतेक जण फक्त वजन बघतात. पण एखाद्याचा डबा भाजणीच्या डब्यापेक्षा हलका असेल तर तो भाजणीचा डबा असूच शकत नाही. ही फुली विधानात लिहिलेली नाही, ती आपण काढायची: कुंदावहिनी आणि भाजणी, फुली. शिवाय भाजणी ३ किंवा ५ किलो, म्हणजे कुंदावहिनींचे वजन २ किंवा ४. त्यांच्या ओळीत ३ आणि ५ वर फुल्या.

तिसऱ्या विधानाच्या दोन फुल्या मारल्यावर भाजणीच्या उभ्या ओळीत तीन फुल्या होतात. उरलेले घर वसंतरावांचे, तिथे टिक. चकलीची भाजणी म्हणजे कुणा बाईंचीच असणार, असे धरून निघालेले इथे फसतात. तक्त्याला घरातल्या कामांची वाटणी ठाऊक नसते.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी. वसंतराव आणि भाजणी एकच ठरले, तेव्हा भाजणीबद्दल जे माहीत आहे ते सगळे वसंतरावांना लागू होते. भाजणीला २ आणि ४ वर फुली आहे, तीच वसंतरावांच्या ओळीत उतरवायची. त्यांना ३ किंवा ५ उरले. चौथ्या विधानाप्रमाणे रफीकभाई त्यांच्याहून जड, आणि ५ च्या वर काही नाही. म्हणून वसंतराव ३ किलो. त्यामुळे गहू ५ किलो. कुंदावहिनी एक किलोने हलक्या, म्हणजे २ किलो, आणि २ किलो म्हणजे बाजरी.

रफीकभाई ३ पेक्षा जड, म्हणजे ४ किंवा ५. ज्वारी ४ किलो आहे हे आधीच ठरलेय आणि ज्वारी त्यांची नाही; म्हणजे ४ किलोही त्यांचे नाहीत. फुलीसुद्धा अशी एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जाते. रफीकभाई गहू ५ किलो, शोभाताई ज्वारी ४ किलो.

चारही विधानांची गरज होती का, हे पडताळून पाहा. कोणतेही एक विधान झाका आणि पुन्हा सोडवा, एकापेक्षा जास्त उत्तरे निघतील. चांगल्या कोड्यात भरीचे विधान नसते. म्हणून उत्तर आले पण एक विधान वापरलेच नाही, असे झाले तर उत्तरावर विश्वास ठेवू नका.

भाषेत लपलेले अर्थ

‘नंतर’ आणि ‘लगेच नंतर’ यांत फरक आहे. नुसते ‘नंतर’ असेल तर मध्ये कितीही जण असू शकतात. ‘आठ दिवसांनी’ हा बोलण्यातला आठवडा आहे: सोमवारनंतर आठ दिवसांनी म्हणजे पुढचा सोमवार. ‘पहिला मजला’ तळमजल्याच्या वरचा. ‘उजवीकडे’ म्हणजे कागदाकडे बघणाऱ्याच्या उजवीकडे, चित्रातल्या माणसाच्या नव्हे. ‘किंवा’ असेल तिथे दोन्हींपैकी नेमके एक खरे, दोन्ही कधीच नाहीत.

मराठी क्रियापद लिंग उघड करते. ‘शेवटी आली’ असे लिहिले तर सगळे पुरुष तिथेच बाद. म्हणून जिथे ते सांगायचे नसते तिथे आम्ही ‘शेवटी आलेली व्यक्ती’ असे लिहितो. वाक्य थोडे सरकारी वाटते, इलाज नाही. जिथे साधे ‘आली’ किंवा ‘आला’ दिसेल तिथे ती माहिती जाणूनबुजून दिली आहे, तिच्या फुल्या मारा.

‘राजू आणि पिवळी स्कूटर असलेली व्यक्ती एकाच मजल्यावर राहत नाहीत’ अशा वाक्यात दोन फुल्या दडलेल्या असतात. राजूची स्कूटर पिवळी नाही, ही एक. दुसरी मजल्याची; ती दोघांपैकी एकाचा मजला कळेपर्यंत मारता येत नाही, म्हणून त्या विधानापुढे पेन्सिलीने टिंब करून ठेवा आणि परत या.

अडकलात तर

सर्व विधाने वरून खाली पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात निरुपयोगी वाटलेले विधान आता फुल्या वाढल्यामुळे काम करते. मग जोड्या शोधा: दोन माणसांना तीच दोन घरे उरली असतील तर ती घरे इतर कोणालाही मिळणार नाहीत, कोणाचे कोणते ते ठरायच्या आधीच. वरच्या कोड्यात गहू-भाजणी आणि ३-५ ही तशी जोडी. शेवटचा उपाय म्हणजे एक शक्यता धरून चालणे आणि विसंगती येते का बघणे. ते करताना वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्या, नाहीतर धरलेले आणि ठरलेले एकमेकांत मिसळते. या संचात त्याची गरज फक्त शेवटच्या भागात पडेल.

‘आइनस्टाइनचे कोडे’ संचात आहे का, असे काही ग्राहक विचारतात. मोबाइलवर फिरणारे ते पाच घरांचे कोडे ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकाच्या १७ डिसेंबर १९६२ च्या अंकात आले होते आणि उत्तर २५ मार्च १९६३ ला छापले गेले. आइनस्टाइनने ते रचल्याचा पुरावा नाही. घराची जागा धरून त्यात सहा गट होतात, म्हणजे ३७५ घरांचा तक्ता. चार गटांची कोडी हाताला बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

बँक भरतीची तयारी करणाऱ्यांनी पूर्ण तक्ता सरावासाठीच वापरावा. परीक्षेत तो आखायला वेळ नसतो. तिथे नावांची एक उभी यादी करून बाजूला माहिती भरत जाणे बरे.

दोन उत्तरे निघाली तर

आम्हाला कळवण्याआधी तीन गोष्टी बघा: फुल्या मोठ्या चौकोनाबाहेर गेल्या आहेत का, ‘नंतर’ला ‘लगेच नंतर’ धरले का, आणि आपले उत्तर प्रत्येक विधानाशी एकेक करून ताडले का. तरीही दोन्ही उत्तरे टिकत असतील तर भरलेल्या तक्त्याचा फोटो, खाडाखोडीसकट, पाकिटावरच्या क्रमांकावर पाठवा. स्वच्छ उतरवून काढलेला तक्ता नको. चूक तुमच्या मांडणीत आहे की आमच्या छपाईत, ते खाडाखोडीवरूनच कळते. चूक आमची निघाली तर दुरुस्त पान टपालाने पाठवू.