आडवी बाटली: गावातलं दारू दुकान मतदानाने बंद करायचं असेल तर

गावातलं परवान्याचं दारू दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे गुप्त मतदानाने ठरवायचा मार्ग 2008 च्या शासन आदेशाने खुला केला आहे. वर्धा आणि गडचिरोलीत जिल्हाभर दारूबंदी असल्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली, त्यामुळे तिथल्या गावांना आता यवतमाळ, बुलडाणा, भंडाऱ्यासारखाच हा रस्ता धरावा लागतो.

क्रम साधा आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान 25 टक्क्यांनी सह्या करून मागणीचं निवेदन द्यायचं. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे असावं आणि त्याची प्रत राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना द्यावी. सह्यांची पडताळणी होते, मग मतदानाची तारीख लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा.

दोन गोष्टी आधीच तपासा. हातभट्टीची अवैध दारू या मतदानाने बंद होत नाही, कारण तिथे रद्द करायला परवानाच नसतो. त्यासाठी पोलिसांत आणि उत्पादन शुल्क विभागात तक्रार करायची असते. दुसरं, फाट्यावरचं दुकान 'आपलं' वाटतं, पण जागा कधी कधी शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत निघते. ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घर-जागेच्या कर आकारणीची नोंदवही, पाहा आणि परवान्याची प्रत मागा. कार्यालय देत नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे दुकान बंद झालं, असंही पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ठराव जरूर घ्या, ग्रामसभेआधीच्या महिला सभेतही घ्या आणि प्रत निवेदनाला जोडा. पण निकाल मतदानाचाच.

आता सह्यांबद्दल, कारण बहुतेक अर्ज इथेच अडतात. पहिल्या पानावर मागणी आणि पुढची पानं कोरी, नुसत्या सह्यांची, असं करू नका. पडताळणीच्या वेळी "ही सही बचत गटाच्या कर्जासाठी घेतली होती" असं एखादीकडून वदवून घेतलं जातं आणि अख्ख्या गठ्ठ्यावर संशय येतो. प्रत्येक पानावर मागणी लिहा, दुकानाचा पत्ता लिहा. यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, यादीत छापलंय तसंच नाव आणि मग सही, असे रकाने आखा. गावात सगळे शांताबाई म्हणतात आणि यादीत नाव 'शांता', तर 'शांता'च लिहा. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि साक्षीदाराची सही हवी. आईची सही मुलाने केली तर ती बाद होणारच, आणि बाकीच्यांच्या कष्टावरही पाणी पडतं. 25 टक्क्यांवर थांबू नका. काही सह्या कटतात हे धरूनच जास्तीच्या घ्या. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. शिक्का नसलेला कागद नंतर कोणालाच सापडत नाही.

आणि खरा घात करते ती मतदार यादी. महिलांचं मतदान असतं तेव्हा बंदीच्या बाजूने, झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पडून पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत 800 महिला आहेत. 600 जणी आल्या, 390 नी आडवी आणि 210 नी उभी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहतं. आडव्या बाटलीला 401 हव्यात. न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूची धरली जाते. त्यात वारलेल्या म्हाताऱ्या आल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी आल्या, कामासाठी नागपूर-पुण्याला कायमच्या गेलेल्याही आल्या. याच यादीतून अशी 60 नावं कमी झाली असती तर 740 मध्ये 371 पुरल्या असत्या आणि त्याच 390 बायांनी दुकान बंद केलं असतं. इतकी मेहनत करून बाया हरतात त्या मेलेल्या नावांपुढे, आणि ही यादी वेळेवर साफ करणं हे प्रशासनाचंच काम असतं, याचा फार संताप येतो.

म्हणून सह्यांच्या आधी यादी घ्या. बीएलओकडे (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणारा कर्मचारी) वारलेल्यांसाठी नाव वगळायचा नमुना 7 भरा, सोबत ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला जोडा. सासरी गेलेल्या लेकीला तिकडे मतदार यादीचा नमुना 8 (ग्रामपंचायतीचा नव्हे) भरून नाव हलवायला सांगा. गावात राहणाऱ्या बाईचं नाव मात्र कापायला जाऊ नका, खोटं निवेदन गुन्हा आहे. याला वेळ लागतो, निवडणूक जवळ आली की आणखी लागतो. मतदानाला कोणत्या तारखेची यादी धरणार, हे अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

पडताळणी आणि मतदान कापूस वेचणीत किंवा धानाच्या रोवणीत आलं तर बाया रोजी बुडवून कशा येणार? तारीख लागण्याआधीच लेखी विनंती द्या. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र सोबत ठेवा. निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, कारण दुकानदार दाद मागायला वर जातो तेव्हा गावाकडे स्वतःचे कागद असावे लागतात.