न संपणारी बेरीज कुठे थबकते?

संगणकाची बेरीज चुकत नाही, हा समज इतका पक्का आहे की सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर आपण शेवटच्या दशांश स्थळापर्यंत खरे धरतो. १ + १/२ + १/३ + १/४ + … या हरात्मक श्रेढीपुढे मात्र तो टिकत नाही. पुरेशी पदे घेतल्यास तिची बेरीज कोणत्याही संख्येला ओलांडते, हे निकोल ओरेम याने चौदाव्या शतकातच सिद्ध केले होते. तरीही ३२ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट संख्या (संगणक अपूर्णांक ठरावीक अंकांत साठवतो ती पद्धत) वापरून ही पदे ओळीने मिळवत गेल्यास बेरीज सुमारे २१ लाख पदांनंतर १५.४ च्या आसपास कायमची थबकते.

अशा संख्येत द्विमान पद्धतीचे, म्हणजे ० आणि १ यांचे, २४ सार्थ अंकच मावतात. बेरीज करताना लहान संख्या मोठीच्या मापात सरकवावी लागते आणि सरकताना तिचे उजवीकडचे अंक गळतात. सगळेच गळाले की ते पद मिळवले काय आणि न मिळवले काय, सारखेच. १/१² + १/२² + १/३² + … ची बेरीज π²/६, म्हणजे १.६४४९३४०६६८…, असल्याचे ऑयलरने १७३५ साली मांडले. ६४ बिटांत, ५३ सार्थ अंक हाताशी असूनही, ही बेरीज साडेनऊ कोटी पदांच्या सुमारास अडकते आणि तिची पहिली सातच दशांश स्थळे बरोबर असतात.

गणिती व संगणकशास्त्रज्ञ विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये यावर सुचवलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. नव्या बेरजेतून जुनी वजा केली की प्रत्यक्षात किती मिळवले गेले ते कळते. त्यातून मूळ पद वजा केले की गळालेला भाग हाती येतो आणि तो पुढच्या पदात सामावून घेता येतो. बीजगणिताच्या नियमाने ही वजाबाकी शून्यच यायला हवी, म्हणून वेगासाठी मोकळीक दिलेला कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) ती निरर्थक समजून काढूनही टाकतो! पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.१२ आवृत्तीपासून फ्लोटिंग-पॉइंट संख्यांच्या साध्या बेरजेतही याच जातीची भरपाई केली जाते, तर सांख्यिकीसाठीची ‘आर’ ही भाषा शक्य तेथे अधिक लांबीच्या संख्येत बेरीज साठवते. त्यामुळे एकाच श्रेढीचे शेवटचे अंक दोन ठिकाणी वेगळे दिसू शकतात.

गणनशक्ती वाढली की गणिताची गरज संपते, ही अलीकडची श्रद्धा येथेही कामी येत नाही. वर्गांच्या त्याच श्रेढीत N पदांनंतर उरलेले शेपूट जवळजवळ १/N − १/(२N²) एवढे असते. केवळ १००० पदांच्या बेरजेत एवढी भर घातली तरी उत्तर नऊ दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते, म्हणजे साडेनऊ कोटी पदांच्या सरळ बेरजेपेक्षा सरस.