सांताना चर्च, तळावली

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यात, पिलार आणि गोवा वेल्हा यांच्या जवळच्या तळावली गावातील संत आनाचे चर्च. गावाला लोक सांताना असेच म्हणतात. आना ही मारियेची आई, म्हणजे येशूची आजी. चर्चची फिर्गज (धर्मग्राम) एका लहान खेड्याची, पण इमारत एखाद्या राजधानीत शोभावी एवढी.

येथे पहिले चर्च १५७७ च्या सुमारास जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्रींनी उभारले. काठी टेकीत, टोपी घातलेली एक म्हातारी डोंगर उतरून येताना गावातल्या एकाला दिसली व ‘मी इथेच राहणार’ म्हणाली, अशी आख्यायिका आहे. आजी म्हटल्यावर असे रूप सुचणे साहजिकच. सध्याच्या वास्तूचे काम फ्रान्सिश्कु दु रेगु या पाद्रींनी १६८१ च्या सुमारास सुरू केले. त्यांच्या निधनानंतर १६९५ मध्ये ते पूर्ण झाले.

दर्शनी भाग पाच मजली असून दोन्ही बाजूंना मनोरे आहेत. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या चर्चचा चेहरा असाच होता. त्याचे छत १८४२ मध्ये कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा ढासळला आणि आता एका मनोऱ्याचा सुळका तेवढा उरला आहे. त्यामुळे ते भव्य मुखदर्शन कसे असेल, हे समजून घ्यायचे तर तळावलीलाच यावे लागते.

बांधकाम जांभ्या दगडाचे. जांभा भरड, सच्छिद्र. त्यात बारीक कोरीवकाम साधत नाही. म्हणून शिंपल्यांच्या आकाराची व इतर नक्षी चुन्याच्या गिलाव्यात काढलेली आहे. या चुन्याला शोभेपेक्षा मोठे काम आहे: तो सुटला की पावसाचे पाणी थेट दगडात मुरते. कोकणातल्या पावसात अशी इमारत सतत निगा मागते. पोर्तुगीज सरकारने १९३१ मध्ये तिला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. पुढे २००० साली जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच यादीत तिचे नाव आले.

आत गेल्यावर लक्ष वेधतात त्या भिंती. त्या जाड तर आहेतच, शिवाय पोकळ आहेत. त्यांच्या पोटातून माणूस चालत जाऊ शकतो, आणि कुमसाराच्या (पापनिवेदनाच्या) जागाही भिंतीतच बसवलेल्या आहेत. बरोक (भव्य, अलंकारप्रचुर अशा युरोपीय) शैलीच्या भारतीय रूपाचा उत्तम नमुना म्हणून अभ्यासक या चर्चकडे पाहतात.

गोव्यात मात्र सांताना ओळखली जाते ती तवशांच्या फेस्तासाठी (चर्चच्या उत्सवासाठी). संत आनाचा सण २६ जुलैचा. फेस्त त्याच सुमारास, म्हणजे ऐन पावसाळी तवशांच्या हंगामात. आनाला उतारवयात मूल झाले, म्हणून अपत्य हवे असलेली जोडपी तिला तवसे वाहतात. लग्न ठरत नसलेले तरुण चमचा वाहतात, तरुणी उडीद. या वस्तूंच्या निवडीमागे शुद्ध यमक आहे, तेही पोर्तुगीज: पेपीनो (तवसे) दे आणि मेनीनो (बाळ) घे, कुल्येर (चमचा) दे आणि मुल्येर (बायको) घे. नवऱ्याला पोर्तुगीजमध्ये मारीदो म्हणतात. त्याच्याशी जुळणारी वस्तू पोर्तुगीजमध्ये सापडली नसावी. मग कोकणी उडदालाच ‘उरीदो’ करून यमक भागवले गेले.