‘नुसत्या निरीक्षणातून कारण कळत नाही’ हे अर्धसत्य

प्रयोग नसेल तर अभ्यासाला किंमत नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं मात्र प्रयोगातून उलगडलेलं नाही. माणसांना चिठ्ठ्या टाकून वीस वर्षं सिगारेट ओढायला लावणार कोण?

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनमधल्या रुग्णालयांत केलेला केस-कंट्रोल अभ्यास 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी रुग्ण घेतले, मग त्यांच्याच वयाचे, हा कर्करोग नसलेले लोक घेतले आणि दोघांच्याही सवयी मागे जाऊन तपासल्या. कर्करोग झालेल्या 649 पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त 2 निघाले. तुलनेच्या 649 जणांत 27.

आजारी माणूस सवय वाढवून सांगत असेल तर? शंका रास्तच आहे. म्हणून 1951 मध्ये त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांना आधीच सवयी विचारून ठेवल्या आणि पुढे काय होतं ते पाहिलं. हा कोहॉर्ट अभ्यास; तो 50 वर्षं चालला. जितक्या जास्त सिगारेटी, तितके या कर्करोगाचे मृत्यू जास्त.

क्रॉस-सेक्शनल पाहणीचं तसं नाही. ती एका क्षणाचा फोटो असते. आधी काय आणि नंतर काय, हे त्यात बहुतेकदा दिसत नाही.

आणि हे हिल कोण? क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची 1948 मध्ये प्रसिद्ध झालेली रँडमाइज्ड चाचणी, म्हणजे कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणारा प्रयोग, आखणारे तेच. प्रयोगाचं मोल त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!